गाओन : एका शब्दाचे चढउतार

आपल्या मराठीला गर्वासाठी शब्दांचा तोटा नाही. गर्व आहे, अहंकार आहे, मद आहे, ताठा आहे, तोरा आहे, गुर्मी आहे, माज आहे. प्रत्येकाचे घर वेगळे. ताठा मानेत असतो, तोरा चालण्यात असतो, गुर्मी बोलण्यात असते आणि माज सगळ्या अंगात असतो. या भाऊबंदांत एक शब्द मात्र असा आहे की त्याचे घर कोणते हे चटकन सांगता येत नाही. तो म्हणजे अभिमान. 'त्याला आपल्या विद्येचा फार अभिमान' असे कोणी म्हटले, तर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. ही स्तुती की निंदा, हे शब्दावरून कळत नाही, सुरावरून कळते. संतांनी अभिमान टाकायला सांगितला, आणि शाळेच्या पुस्तकांनी अभिमान बाळगायला सांगितला. मुले बिचारी दोन्ही पाठ करतात. एखादा चौकस मुलगा तेवढा उभा राहून विचारतो, "गुरुजी, मग नक्की करायचे तरी काय?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात नाही. आणि हा पेच एकट्या मराठीचाही नाही. ज्यू लोकांचा धर्मग्रंथ, ज्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, तो मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. त्या ग्रंथात गर्वाला जे शब्द आहेत त्यांतला एक शब्द 'गाओन'. हा शब्द त्या एकाच ग्रंथात देवाच्या वैभवाला लावलेला आहे, आणि देवाला ज्याची किळस येते त्या उन्मत्तपणालाही लावलेला आहे. तो नदीकाठच्या रानाला लागला आहे, समुद्राच्या लाटांना लागला आहे. आणि पुढे कित्येक शतकांनी तर तो पंडितांची पदवी होऊन बसला. एका शब्दाने इतक्या घरी नांदावे ही गंमत आहेच. परंतु तेवढ्यावर ती संपत नाही. गर्व आणि गौरव यांच्यामधली रेघ कोठे ओढायची, हा माणसाचा जुना प्रश्न या शब्दाच्या प्रवासात हळूहळू उलगडत गेलेला दिसतो. तो प्रवास दिवाळीच्या या निवांत वेळी वाचकांबरोबर करावा असे मनात आले.

हिब्रू ही अरबीची बहीण. या घराण्यातल्या भाषांत शब्दाचा जीव बहुधा तीन व्यंजनांत असतो. स्वर बदलले, मागेपुढे अक्षरे जोडली, की एकाच धातूतून शब्दांचे सबंध कुटुंब उभे राहते. किताब, कातिब, मक्तब हे शब्द आपल्याला ऐकून ठाऊक आहेत. तिन्हींत क, त, ब ही अक्षरे कायम आहेत, आणि तिन्हींचा संबंध लिहिण्याशी आहे. गाओन या शब्दाचा धातू गिमेल, आलेफ आणि हे या तीन अक्षरांचा. त्याचा मूळ अर्थ वर चढणे, उंच होणे. यात नीती नाही आणि अनीतीही नाही.

यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याला एक दृष्टांत झाला. मंदिराच्या उंबऱ्याखालून पाण्याचा झरा निघाला. तो आधी घोट्यापर्यंत होता, मग गुडघ्यापर्यंत आला, मग कमरेपर्यंत, आणि शेवटी पोहल्यावाचून पार होता येईना. तेथे पाणी चढले असे सांगताना हाच धातू आला आहे. ईयोबाच्या ग्रंथात त्याचा एक मित्र पाणथळीतल्या पपायरसचा दाखला देतो. खाली ओल नसली तर ही वनस्पती उंच होणार नाही, असा त्याचा मुद्दा. तेथेही हाच धातू. यशयाच्या ग्रंथात पेटलेल्या रानातून धुराचा लोट आकाशात जातो, त्या लोटालाही याच कुटुंबातला शब्द आहे.

पाणी, लव्हाळ्याच्या जातीचे एक झाड, आणि धूर. तिघेही वर चढतात. पण जरा पाहिले तर ध्यानात येते की तिघांचीही उंची उसनी आहे. पाण्याची उंची उगमाने दिलेली, झाडाची उंची चिखलाने दिलेली, आणि धुराची उंची जळणाऱ्या लाकडाने दिलेली. माणसाच्या मनाला हा शब्द लागला तो ही चित्रे बरोबर घेऊन लागला, हे पुढच्या मजकुरासाठी लक्षात ठेवावे.

आता नदीकडे वळू. पॅलेस्टाईनच्या भूमीत यार्देन ही मोठी नदी. इंग्रजीत तिला जॉर्डन म्हणतात. आपल्या गोदावरी-कृष्णांपुढे ती ओहोळच म्हणायची. हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी तिचे उगम आहेत. तेथून ती गालील सरोवरात येते आणि पुढे मृत समुद्रात जाऊन संपते. मृत समुद्राचे पाणी आज जगातल्या समुद्रसपाटीच्या ४३० मीटरांहून अधिक खाली आहे. यार्देन या नावाचा संबंध 'उतरणे' या हिब्रू धातूशी लावतात, आणि नदीची वाट पाहिली तर ते नाव शोभते. अशा या उतरणाऱ्या नदीचाही एक 'चढ' होता, आणि त्याला हिब्रू ग्रंथ 'गेओन हायार्देन' म्हणतो. म्हणजे यार्देनेचा गाओन.

हा काय प्रकार? वसंतात हर्मोनवरचे बर्फ वितळे, नदी फुगे आणि काठ सोडून पसरे. पूर ओसरल्यावर काठच्या गाळात झाऊची झुडपे, पॉप्लरची झाडे आणि वेत-बोरूंची दाटी माजे. दोन्ही बाजूंना उजाड, पांढुरक्या टेकड्या आणि मधून हा हिरवा पट्टा. त्या दाटीत सिंह राहत असत. आपल्या गीरच्या सिंहांचे ते जातभाई. धर्मयुद्धांच्या काळापर्यंत त्या देशात सिंह होते. यिर्मया आणि जखऱ्या हे संदेष्टे याच रानातल्या सिंहांचा उल्लेख करतात. इंग्रजीत १६११ साली जे प्रसिद्ध भाषांतर झाले त्याच्या पंडितांनी यिर्मयाच्या ग्रंथात या शब्दाचा अर्थ नदीचा पूर असा घेतला. अलीकडचे भाषांतरकार बहुधा 'दाट रान' असा घेतात. खरे पाहता दोन्ही अर्थ एकमेकांच्या पोटातले आहेत. नदी चढली म्हणून रान चढले.

यिर्मया हा यरुशलेमच्या पतनाच्या काळातला. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने ते शहर जाळले, ते त्याने पाहिले. तरुणपणी जेव्हा त्याच्या गावचेच लोक त्याच्या जिवावर उठले, तेव्हा त्याने देवाकडे गाऱ्हाणे केले. त्याला मिळालेले उत्तर सांत्वनाचे नव्हते. पायी धावणाऱ्यांबरोबर धावतानाच जो दमला त्याचा घोड्यांपुढे काय पाड लागणार, आणि सपाट, निर्धोक भूमीवर जो अडखळला तो यार्देनेच्या गाओनात काय करणार, असा त्या उत्तराचा रोख होता. येथे गाओन म्हणजे पाप नाही. येथे गाओन म्हणजे जेथे वाट सापडत नाही आणि पुढे सिंह आहे, अशी जागा.

नदीचा हा दिमाख आज उरलेला नाही. इस्राएलने १९६४ साली गालील सरोवराचे पाणी दक्षिणेकडे नेणारी मोठी योजना पुरी केली. जॉर्डन आणि सीरिया या देशांनीही कालवे काढले, धरणे बांधली. आता खालच्या अंगाला या नदीचे पात्र ठिकठिकाणी चार ढांगांत ओलांडावे इतके अरुंद झाले आहे. पाणी वरच्या वर काढून घेतले की नदीचा गाओन जातो. उसनी उंची ती हीच.

समुद्राची गोष्ट मोठी आहे. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक समुद्र ओलांडतात आणि पाठलाग करणारे फारोचे रथ बुडतात, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पैलतीरावर पोचल्यावर मोशे आणि लोक जे गीत गातात त्याच्या आरंभीच आपला धातू लागोपाठ दोनदा येतो. देव उंचावला, फारच उंचावला, असा त्याचा भाव. आणि कोणाला खाली आणून उंचावला? तर घोड्यावर बसलेल्याला. त्या काळी घोडा आणि रथ म्हणजे राजसत्तेचे सर्वांत उंच आसन. पायी चालणाऱ्या गुलामांच्या गाण्यात हा शब्द देवाला वाहिला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातली धार कळते. पुढे ईयोबाच्या ग्रंथात देव वादळातून बोलतो तेव्हा, समुद्राला आपण दारे व अडसर कसे घातले ते सांगतो. लाटांच्या गाओनाला तेथे हद्द नेमून दिलेली आहे. लाटेने उंच व्हावे, तिचा तो धर्मच आहे. पण किनाऱ्यापाशी थांबावे.

येथवर शब्दाला दोष लागलेला नाही. दोष लागतो तो आमोस नावाच्या मेंढपाळापाशी.

आमोस हा तकोवा गावचा. मेंढरे राखावीत आणि उंबराच्या जातीच्या झाडांची फळे तयार करावीत, हा त्याचा धंदा. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या मध्यास, दुसरा यराबाम उत्तरेकडे राज्य करीत असताना, हा दक्षिणेतला खेडवळ माणूस उत्तरेच्या राज्यात जाऊन बोलू लागला. त्या राज्याला तेव्हा भरभराटीचे दिवस आले होते. शोमरोन या राजधानीत श्रीमंतांच्या घरी हस्तिदंताचे काम होते. विसाव्या शतकात, १९३० नंतरच्या उत्खननात, शोमरोनच्या टेकडीवर कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे सापडले; म्हणजे आमोसाने हवेत बाण मारला नव्हता. हस्तिदंती पलंगांवर लोळणारे, कोवळी कोकरे खाणारे, पेल्याऐवजी वाडग्यांनी द्राक्षारस पिणारे हे लोक आमोस आपल्यासमोर उभे करतो. आणि मग त्यांचा खरा अपराध सांगतो. आपल्याच लोकांचे जे मोडणे चालले आहे त्याची त्यांना वेदना नाही. यापुढे दोनच वाक्ये सोडून देव म्हणतो की मला याकोबाच्या गाओनाची किळस येते.

आता याकोबाचा गाओन हे शब्द स्तोत्रसंहितेतही आहेत. तेथे ती देवाने निवडून दिलेली भूमी आहे, त्याच्या प्रेमाची खूण आहे. ज्या जोडशब्दात प्रेम होते त्याच जोडशब्दात किळस आली. शब्द बदलला नाही, लोकांचे वागणे बदलले. इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास असुरियाच्या सैन्याने शोमरोन घेतले आणि ते राज्य संपले.

आमोसाने जो 'मोडणे' हा शब्द वापरला तो हिब्रूत 'शेवेर'. नीतिसूत्रांच्या ग्रंथात गर्वावरचे जे प्रसिद्ध वचन आहे, त्यात हे दोन्ही शब्द शेजारी येतात. शेवेरच्या पुढे गाओन चालतो, म्हणजे मोडण्याआधी चढणे असते, असा त्याचा आशय. आपण 'गर्वाचे घर खाली' म्हणतो ते याच जातीचे. परंतु आमोस वाचून मग हे वचन वाचले म्हणजे त्याला निराळा अर्थ येतो. गर्विष्ठाला कोणी वरून शिक्षा करतो एवढेच ते नाही. शेजारचे मोडत असताना ज्याला ऐकू येत नाही, त्याला स्वतःच्या घराचा तडाही ऐकू येत नाही.

हेच यहेज्केलाने आणखी उघड करून सांगितले. इसवी सनापूर्वी ५९७ साली जे लोक कैद करून बाबेलला नेले त्यांत तो होता. सदोम या जळून गेलेल्या शहराच्या पापाविषयी लोकांच्या नाना कल्पना असतात. यहेज्केलाने दिलेली यादी वेगळी आहे. पहिले नाव गाओन. मग पोटभर भाकर, मग निर्धास्त सुख, आणि शेवटी गरिबाचा हात न धरणे. भाकर काही पाप नाही आणि सुखही पाप नाही. चौथी गोष्ट जमली असती तर पहिल्या तीन गोष्टींना कोणी नाव ठेवले नसते, असे ती यादी वाचताना वाटत राहते.

हिब्रूत गर्वाला आणखी शब्द आहेत. त्यांतल्या 'जादोन' या शब्दाचा धातू उकळण्याशी जोडतात. याकोब कालवण शिजवीत होता, त्या जागी हाच धातू आलेला आहे. आपण नाही का म्हणत, याला ऊत आला आहे? दोन भाषांतल्या बायका चुलीपाशी बसून एकाच निष्कर्षाला आल्या म्हणायच्या! दुसरा शब्द उंचीचा. 'हृदय उंच होणे' असा तो वाक्प्रचार आहे, आणि त्याची दोन उदाहरणे इतिहासाच्या ग्रंथात फार सुंदर आली आहेत.

उज्जीया हा यहूदाचा राजा सोळाव्या वर्षी गादीवर आला. त्याने बुरूज बांधले, हौद खोदले, यंत्रे करविली. त्याला मातीची आवड होती असेही ग्रंथकाराने आवर्जून नोंदले आहे. पण तो बलवान झाला तेव्हा त्याचे हृदय उंच झाले, आणि पुरोहितांचे काम आपणच करावे म्हणून तो धूप जाळायला मंदिरात शिरला. पुरोहितांनी अडविले, तो संतापला, आणि तेथेच त्याच्या कपाळावर कोड उठले. उरलेले आयुष्य त्याने वेगळ्या घरात काढले. ही झाली नेहमीची कथा. मात्र त्याचाच पूर्वज यहोशाफाट, त्याच्याविषयीही ग्रंथकार हाच वाक्प्रचार वापरतो. त्याचेही हृदय उंच झाले. पण देवाच्या मार्गांत उंच झाले. मग त्याने काय केले? आपले सरदार आणि लेवी यांना धर्मशास्त्राचा ग्रंथ देऊन गावोगाव पाठविले आणि लोकांना शिकविण्याची व्यवस्था केली. एका राजाचे हृदय उंच झाले तेव्हा तो दुसऱ्याचे काम हिसकावू लागला. दुसऱ्या राजाचे उंच झाले तेव्हा त्याने शिक्षक धाडले. पेशाने मास्तर असल्यामुळे मला दुसरा राजा अधिक आवडतो हे सांगायला नको.

आता शब्दाच्या आयुष्यातले मोठे वळण येते. यशयाच्या ग्रंथात बाबेलला खास्दी लोकांच्या गाओनाचे भूषण म्हटले आहे आणि ते उलथून जाईल असे भाकीत केले आहे. इतिहासाची थट्टा अशी की, त्याच बाबेलच्या भूमीवर, युफ्रेटिस नदीच्या काठी, पुढे गाओन ही ज्यूंची सर्वांत मानाची पदवी झाली.

यरुशलेमचे दुसरे मंदिर रोमन सैन्याने इसवी सन ७० मध्ये पाडले. राज्य गेले, मंदिर गेले. उरला ग्रंथ, आणि ग्रंथ शिकविणारे. आजच्या इराकमध्ये सुरा आणि पुंबेदिथा येथे दोन मोठ्या विद्यापीठांची परंपरा उभी राहिली. वर्षातून दोन महिने, एकदा हिवाळ्याच्या शेवटी आणि एकदा उन्हाळ्याच्या शेवटी, दूरदूरची माणसे तेथे गोळा होत आणि अध्ययन करीत. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून या विद्यापीठांच्या प्रमुखांना गाओन म्हणू लागले. पूर्ण पदवी 'याकोबाचा गाओन असलेल्या विद्यापीठाचा प्रमुख' अशी होती. आमोसाच्या तोंडून ज्या शब्दांची किळस व्यक्त झाली होती तेच हे शब्द! पण आता त्यांच्यामागे हस्तिदंत नव्हते, घोडे नव्हते, भूमीही नव्हती. याकोबाच्या वंशाला मिरविण्याजोगे उरले होते ते एक शाळेचे छप्पर.

या गाओनांचे मुख्य काम काय होते? प्रश्नांना उत्तरे देणे. स्पेनपासून, उत्तर आफ्रिकेतल्या कैरवानपासून पत्रे येत. प्रार्थना कशी म्हणावी, करारात असा शब्द पडला तर काय समजावे, विधवेचा वाटा किती. नवव्या शतकात आम्राम गाओनाने स्पेनच्या लोकांना सबंध प्रार्थनाविधी लिहून पाठविला. शेरीरा गाओनाने ९८७ च्या सुमारास कैरवानच्या लोकांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून परंपरेचा इतिहासच लिहिला. कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगच्या कोठडीत साठलेले कागद सॉलोमन शेक्टर या पंडिताने १८९६-९७ मध्ये केंब्रिजला नेले, तेव्हा त्यांत गाओनांची कितीतरी पत्रे निघाली. ज्याला गाओन म्हणायचे त्याने परक्या गावच्या अनोळखी माणसाच्या चिठ्ठीला उत्तर द्यायचे, असा तो रिवाज होता.

या मालिकेतला सर्वांत तेजस्वी पुरुष सादिया. ८८२ साली मिसरातल्या फय्यूम भागात त्याचा जन्म झाला, आणि ९२८ मध्ये सुराच्या गादीवर त्याची नेमणूक झाली. नेमणूक करणारा होता डेव्हिड बेन झक्काई, म्हणजे बाबेलमधल्या ज्यूंचा लौकिक अधिपती. दोन वर्षांतच एका मोठ्या वारसाच्या दाव्यावरून ठिणगी पडली. अधिपतीने निवाडा दिला, त्यावर दोन्ही विद्यापीठांच्या प्रमुखांची सही हवी होती. पुंबेदिथाच्या प्रमुखाने सही केली. सादियाने केली नाही. ज्याने आपल्याला गादीवर बसविले त्याच्याच कागदावर सही नाकारली! धमक्या झाल्या, दोघांनी एकमेकांना पदच्युत केले, आणि सादियाला कित्येक वर्षे पदावाचून बगदादेत काढावी लागली. त्याच काळात, ९३३ साली, त्याने श्रद्धा आणि विचार यांवरचा आपला प्रसिद्ध तत्त्वग्रंथ अरबीत लिहिला.

हा गर्व होता की स्वाभिमान? त्याच्या शत्रूंनी त्याला उद्धट म्हटले यात नवल नाही. सही न करणारा माणूस नेहमीच उद्धट ठरतो. पण पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ९३७ मध्ये दोघांचा समेट झाला. नंतर डेव्हिड वारला, त्याचा मुलगाही थोड्याच महिन्यांत गेला, आणि मागे बारा वर्षांचा पोर राहिला. जुन्या वृत्तांतात असे नोंदले आहे की सादियाने त्या पोराला, आपल्या वैऱ्याच्या नातवाला, स्वतःच्या घरी आणले आणि शाळेत घातले. ९४२ मध्ये सादिया वारला. सही नाकारणारा हात आणि पोराचा हात धरणारा हात एकच होता, एवढे कळले की माझ्यापुरता निकाल होतो. यहेज्केलाच्या यादीतली चौथी ओळ त्याने पुरी केली होती.

१०३८ मध्ये शेरीराचा मुलगा हाई वारला आणि गाओनांचे युग संपले. पण शब्द उरला. अठराव्या शतकात लिथुआनियातल्या विल्ना शहरी एलिया नावाचा विद्वान होऊन गेला (१७२०–१७९७). त्याने धर्मगुरूचे अधिकृत पद कधी घेतले नाही. लोकांनीच त्याला विल्नाचा गाओन म्हटले. आजच्या हिब्रूत तर गाओन म्हणजे असामान्य बुद्धीचा माणूस. गणित चटकन सोडविणाऱ्या पोरालाही आई कौतुकाने गाओन म्हणते.

हा शब्द आपल्या किनाऱ्यालाही आला आहे. कोकणातले बेने इस्राएल लोक पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी, आडनावे गावांवरून पडलेली. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये झाले. समुद्र ओलांडल्याचे ते जुने गीत ज्यूंच्या रोजच्या सकाळच्या प्रार्थनेत असते. तेव्हा आपला हा धातू मराठी बोलणाऱ्या ओठांतून कितीदा तरी उमटला असेल. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत काढले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात ज्यूंच्या प्रार्थना मराठीत आणल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलाचे भाषांतर केले; ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून निघाले. या सर्वांपुढे एकच अडचण आली असली पाहिजे. हिब्रूत जे एका शब्दात आहे ते मराठीत आणताना प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागते: येथे गर्व लिहू की वैभव? एखादा शब्द जवळ येतो तो म्हणजे आपला साधा 'मोठेपणा'. मोठेपणा मिरविला म्हणजे निंदा, आणि मोठेपणा दाखविला म्हणजे स्तुती. मिरविणे आणि दाखविणे यांत जे अंतर आहे तेच येथून तेथून या गोष्टीचे सार.

तर मग मुलाला काय सांगावे? तल्मुदात यावर एक मजेदार चर्चा आहे. विद्वानाच्या अंगी गर्व किती असावा? एक पंडित म्हणतो, अष्टमांशाचा अष्टमांश, म्हणजे चौसष्टावा हिस्सा. दुसरा म्हणतो, तेवढा शोभतो. धान्याच्या कणसाला कुसळ शोभते तसा. तिसरा मात्र मुळीच तडजोड करीत नाही. त्याच्या मते कणभरही नको. चर्चा तेथेच सोडून दिली आहे, आणि तिघांचीही मते जपून ठेवली आहेत.

मला त्यांतला कुसळाचा दाखला पटतो. गव्हाच्या ओंबीला कुसळ असते. ते ओंबीबरोबर वाढते, तिच्याच रसावर उभे राहते आणि पाखरांपासून दाण्याला थोडेफार राखते. ते उपटून टाका असे शेतकरी म्हणत नाही. पण मळणी झाली की कुसळ वाऱ्यावर जाते आणि घरात येतो तो दाणा. ताटात वाढायचा तोही दाणाच. कुसळ कोणी कोणाला वाढीत नाही. आपल्या कुळाचा, विद्येचा, भाषेचा, देशाचा अभिमान मुलांनी बाळगावा की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच: बाळगावा, चौसष्टाव्या हिश्श्याइतका, आणि बाकीच्या त्रेसष्ट हिश्श्यांत दाणा भरला आहे की नाही, हे मात्र दर सुगीला तपासून पाहावे.